विश्लेषण : अंगणात वीतभर खोल पुरलेली इंटरनेटची तार, तुटली तर जबाबदारी कोणाची?

पहिला दमदार पाऊस झाला, जमीन भिजली, की ओतूरमध्ये घरोघरच्या परसात खड्डे घ्यायला सुरुवात होते. कुणाला शेवगा लावायचा असतो, कुणाला कढीपत्ता, कुणाला कुंपणाचा खांब रोवायचा असतो. जुन्नर तालुक्यातल्या या गावात आता ब्रॉडबँडही घरोघर पोहोचलंय. त्यामुळे कुदळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या घावाला मातीतून कधी मुळी वर येते, तर कधी एक काळी, बारीक तार. तेवढ्यात घरातून विचारणा होते, ‘‘नेट गेलं का?’’

पुढची चर्चा ठरलेली असते. तार इतकी वर कशी? पुरली कोणी? तोडली कोणी? जोडायचे पैसे कोण देणार? खोदणारा म्हणतो, माझ्या अंगणात मी खोदलं, चूक काय? तार टाकणारा म्हणतो, खोदताना बघायला नको? दोघांचंही काही अंशी खरं असतं. म्हणूनच हा वाद लवकर मिटत नाही.

वीतभर खोलीवरची ही तार वरवर किरकोळ वाटते. पण देशभर गावागावांत फायबर पोहोचवण्याची जी मोठी योजना सुरू आहे, तिचा सगळ्यात कच्चा दुवा नेमका इथे, अंगणात आहे. तो कच्चा का राहिला, कायदा काय म्हणतो आणि घरमालकाच्या हातात काय आहे, ते समजून घेऊ.

हा प्रश्न आता का?

गावं फायबरनं जोडण्याच्या योजनेला केंद्र सरकारनं ऑक्टोबर २०११ मध्ये मंजुरी दिली. तेव्हा तिचं नाव ‘राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर नेटवर्क’ होतं, पुढे ते ‘भारतनेट’ झालं. सुरुवातीचं उद्दिष्ट ग्रामपंचायतीपर्यंत तार नेण्याचं होतं. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं सुधारित भारतनेट कार्यक्रमासाठी १ लाख ३९ हजार ५७९ कोटी रुपये मंजूर केले. २ लाख ६४ हजार ग्रामपंचायती रिंगच्या रचनेत जोडायच्या, म्हणजे एका बाजूनं तार तुटली तरी दुसऱ्या बाजूनं सेवा चालू राहील. उरलेल्या सुमारे ३ लाख ८० हजार गावांना मागणीप्रमाणे जोडणी द्यायची. शिवाय ग्रामीण भागात दीड कोटी घरांपर्यंत फायबर न्यायचं.

मोबाइल कंपन्या आणि गावोगावचे केबलचालक फायबर टाकतात ते वेगळंच. थोडक्यात, तार आता ग्रामपंचायतीच्या इमारतीपाशी थांबत नाही. ती गल्लीतून वळते, कुंपण ओलांडते आणि ओट्यापर्यंत येते. रिंगचा फायदा मात्र ग्रामपंचायतीपर्यंतच मिळतो. तिथून घरापर्यंत तार एकच असते. ती तुटली की दुसरी वाट नाही.

दुसरीकडे गावातलं खोदकामही वाढलंय. ऑगस्ट २०१९ मध्ये जाहीर झालेल्या जलजीवन मिशनमध्ये घरोघर नळ द्यायचा म्हणजे घरोघर चर खणणं आलं. गटारं, काँक्रीटचे रस्ते, बोअरवेलची पाइपलाइन, सगळं त्याच अरुंद जागेत. जुन्नर-आंबेगाव पट्ट्यात आणखी एक कारण आहे : बिबट्या. उसाच्या मळ्यातल्या वस्त्यांवर लोक घराभोवती जाळी किंवा सौरकुंपण घालून घेतात. कुंपणाचे खांब अंगणाच्या कडेला रोवले जातात आणि इंटरनेटची तारही बहुतेक वेळा कडेकडेनंच नेलेली असते. या भागातले बिबट्याचे जे सीसीटीव्ही व्हिडिओ समाजमाध्यमांवर फिरतात, तसे कॅमेरे मोबाइलवर थेट बघायचे तर घराला चालू इंटरनेट लागतं. म्हणजे राखणीसाठी रोवलेला खांब राखणीच्याच कॅमेऱ्याची जोडणी तोडू शकतो.

अंगणातली तार नेमकी कोणती?

‘फायबरची तार’ असं सरसकट म्हटलं जात असलं, तरी जमिनीखाली वेगवेगळ्या तारा असतात.

पहिली मुख्य तार. ती रस्त्याच्या कडेनं, जाड प्लॅस्टिकच्या नळीतून जाते. भारतनेटसारख्या कामांत तिच्यासाठी साधारण १६५ सेंटिमीटर, म्हणजे साडेपाच फूट खोल चराचा मानदंड आहे. खडक लागला तर कमी खोली चालते, पण मग लोखंडी पाइप किंवा काँक्रीटचं संरक्षण द्यावं लागतं.

दुसरी, वाटणीच्या डबीपासून घरापर्यंत येणारी तार. तिला ‘ड्रॉप केबल’ म्हणतात. ती पेन्सिलीपेक्षा बारीक, कधी गोल तर कधी चपटी असते. आत केसासारखा काचेचा धागा असतो. मूळ काचेची जाडी १२५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा आठवा भाग. धाग्याच्या दोन्ही बाजूंना ताण सोसण्यासाठी फायबरच्या काड्या किंवा बारीक पोलादी तारा असतात. ही केबल मुख्यतः खांबावरून टांगण्यासाठी बनलेली असते. अंगणात ती पुरली जाते ती बहुतेक वेळा सोय म्हणून. ट्रॅक्टर आत येताना वरून लोंबणारी तार अडकते, म्हणून ती खाली घेतली जाते आणि माती लोटून झाकली जाते.

तिसरी शक्यता अनेकांच्या लक्षात येत नाही. अंगणातून जाणारी तार शेजारच्या आठ-दहा घरांचीही असू शकते. घरगुती फायबरमध्ये एका धाग्यावरचा प्रकाश ‘स्प्लिटर’ नावाच्या डबीत वाटला जातो. एका धाग्यावर ३२ किंवा ६४ घरं चालू शकतात. घाव डबीच्या पुढच्या तारेवर बसला तर एक घर बंद होतं, अलीकडच्या तारेवर बसला तर अख्खी आळी.

ती इतकी वर का असते?

पहिलं कारण माती. मांडवी नदीच्या काठची काळी माती, थोडं वर गेलं की मुरूम आणि त्याखाली सह्याद्रीचा काळा बेसॉल्ट, अशी ओतूर परिसराची जमीन आहे. मुरमाचा थर लागला की पहार टणकन वाजते आणि हातानं खणणारा तिथेच थांबतो. काळ्या मातीची गोष्ट उलटी. ती खणायला सोपी, पण स्थिर नसते. तिच्यातली चिकणमाती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. मोठमोठ्या भेगा पडतात, ढेकळं सरकतात. त्यांच्याबरोबर तारही हलते. शिवाय उताराच्या अंगणात पागोळ्यांचं पाणी दरवर्षी वरची माती वाहून नेतं. चार इंच खाली पुरलेली तार तीन-चार पावसाळ्यांत उघडी पडू शकते. तिला कोणी वर काढलेलं नसतं, जमीनच खाली गेलेली असते.

दुसरं कारण पैसा. घरची जोडणी देणाऱ्या माणसाचा हिशेब साधारणपणे जोडणीवर असतो, फुटावर नाही. मॉडेम लागला, हिरवा दिवा पेटला, की काम पूर्ण. दीड फूट खोल चर खणायला अर्धा दिवस जातो आणि तेवढ्या वेळात आणखी दोन जोडण्या होतात. चर खणायचा खर्च ना मासिक प्लॅनमध्ये धरलेला असतो, ना जोडणीच्या फीमध्ये. ग्राहकालाही घाई असते आणि झाकलेला चर उकरून कोणी खोली मोजत नाही.

तिसरं कारण, मोजायला कोणी नसतं. सरकारी पैशातून टाकलेल्या मुख्य तारेच्या खोलीची मोजमापं घेतली जातात, कारण त्यावर ठेकेदाराचं बिल अवलंबून असतं. अंगणातल्या पन्नास फुटांचं मोजमाप कुठल्याच वहीत नसतं.

वर आलेली तार धोकादायक असते का?

काचेच्या धाग्यातून वीज वाहत नाही, प्रकाश वाहतो. तोही डोळ्यांना न दिसणारा, इन्फ्रारेड. त्यामुळे तुटलेली फायबर केबल हातात धरली तर शॉक बसत नाही. तीन गोष्टी मात्र सांभाळाव्या लागतात. तुटलेलं टोक डोळ्यासमोर धरून आत बघू नये. काचेचे बारीक तुकडे कातडीत घुसतात आणि सहजी दिसत नाहीत, म्हणून लहान मुलांना लांब ठेवावं. आणि पोलादी तार असलेली केबल खांबावरून घरात येत असेल, तर विजांच्या गडगडाटात तिला हात लावू नये.

खरा धोका ओळखण्यात चूक होण्याचा आहे. ग्रामीण अंगणात जमिनीखाली एकच तार क्वचित असते. बोअरवेलच्या मोटारीची केबल असते, गोठ्याकडे किंवा कांद्याच्या बराखीकडे नेलेली विजेची तार असते. पाणबुडी मोटारीची केबलही चपटी आणि अनेकदा काळीच असते. ती फायबरच्या चपट्या केबलपेक्षा बरीच रुंद आणि जड असते, पण चिखलात माखलेली असताना नुसत्या नजरेवर विसंबणं महागात पडू शकतं. ‘नेटची तार आहे, काही होत नाही’ असं म्हणून विजेच्या तारेला हात घालणं जिवावर बेतू शकतं.

म्हणून नियम साधा : खात्री होईपर्यंत प्रत्येक तार विजेची समजावी. घरचा मेन स्विच आणि मोटारीचा स्टार्टर बंद करावा. मोटारीची लाइन अनेकदा स्वतंत्र मीटरवर असते, त्यामुळे घरचा मेन स्विच पाडला म्हणजे सगळं बंद झालं असं नाही. शंका राहिली तर वायरमनला बोलवावं. विजेच्या तक्रारीसाठी १९१२ हा क्रमांक आहे.

कायदा काय सांगतो?

इथे दोन वेगळ्या परिस्थिती आहेत आणि त्यांची गल्लत झाली की भांडण वाढतं.

पहिली : तार स्वतःच्याच घराच्या जोडणीची आहे. मग तो ग्राहक आणि सेवा देणारी कंपनी यांच्यातला करार. तार कुठपर्यंत कंपनीची आणि कुठून ग्राहकाची, ती बिघडली तर खर्च कोणाचा, हे करारातल्या अटींवर ठरतं. जोडणी घेताना हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

दुसरी : तार दुसऱ्याच्या जोडणीची आहे आणि अंगणातून फक्त जाते. इथे ‘राइट ऑफ वे’, म्हणजे मार्गाचा हक्क लागू होतो. दूरसंचार अधिनियम, २०२३ मधली या विषयाची कलमं २६ जून २०२४ पासून लागू झाली. त्याखालचे मार्गाच्या हक्काचे नियम १ जानेवारी २०२५ पासून अमलात आले. कलम १२ नुसार खासगी जागेतून तार न्यायची असेल तर कंपनीनं जागेच्या मालकाकडे अर्ज करायचा आणि दोघांनी मिळून मोबदल्यासह करार करायचा. मालकानं नकार दिला आणि सार्वजनिक हितासाठी ती वाट गरजेची आहे असं केंद्र सरकारला वाटलं, तर सरकार ठरलेल्या पद्धतीनं तो हक्क मिळवू शकतं. ‘तुमच्या कडेनं नेतो’ एवढ्या तोंडी बोलण्यावर टाकलेली तार म्हणजे असा करार नव्हे.

नव्या कायद्यानं जमीन आणि तिच्यातलं दूरसंचार जाळं या दोन वेगळ्या गोष्टी मानल्या आहेत. अंगण आपलं म्हणून त्यातली कंपनीची तार आपली होत नाही. रागाच्या भरात ती तोडणं महागात पडू शकतं, कारण दूरसंचार यंत्रणेचं नुकसान करणाऱ्यावर भरपाई आणि दंडाची तरतूद कायद्यात आहे.

जमीनमालकाची बाजू कायद्यात अगदीच नवी नाही. नव्या कायद्याआधी लागू असलेल्या १८८५ च्या भारतीय तार अधिनियमात कलम १७ होतं. खासगी जागेतली तार मालकाच्या कामात आड येत असेल, तर ती जागेच्या दुसऱ्या भागात हलवा, किंवा उंच वा खालच्या पातळीवर घ्या, अशी मागणी मालक करू शकत असे. जागेची भरपाई आधी मिळालेली असेल, तर त्यानं हलवण्याचा खर्च किंवा भरपाईच्या निम्मी रक्कम, यातली कमी असेल ती द्यायची. म्हणजे ‘तार खाली घ्या’ ही मागणी तारायंत्राच्या काळातही रास्त मानली गेली होती.

‘खोदण्याआधी कळवा’ हे अंगणाला लागू पडतं का?

बेफिकीर खोदकामामुळे जमिनीखालच्या तारा आणि नळांचं वर्षाला सुमारे ३ हजार कोटी रुपयांचं नुकसान होतं, असं केंद्र सरकारनं सांगितलंय. त्यावर उपाय म्हणून जानेवारी २०२३ मध्ये नियम अधिसूचित झाले : खोदकाम करणाऱ्यानं आधी सामायिक पोर्टलवर सूचना द्यायची. त्यानंतर २२ मार्च २०२३ रोजी पंतप्रधानांनी ‘कॉल बिफोर यू डिग’ या ॲपचं उद्घाटन केलं. खोदणाऱ्यानं जागा नोंदवायची, त्या जागेखाली ज्यांच्या तारा किंवा नळ आहेत त्यांना संदेश जातो आणि दोघांचा संपर्क होतो, अशी ही व्यवस्था आहे.

कल्पना चांगली आहे आणि जगात रुळलेलीही आहे. अमेरिकेत २००७ पासून ८११ हा एकच क्रमांक यासाठी आहे. फोन केला की संबंधित कंपन्यांची माणसं येऊन जमिनीवर रंगाच्या खुणा करून जातात : विजेसाठी लाल, गॅससाठी पिवळा, पिण्याच्या पाण्यासाठी निळा, दूरसंचारासाठी नारिंगी. झाड लावण्यापुरता खड्डा घ्यायचा असला, तरी आधी फोन करा, असं तिथे सांगितलं जातं.

पण अशा व्यवस्थेतून मिळणारं उत्तर तिच्या नोंदीइतकंच खरं असतं. कल्याण–अहिल्यानगर महामार्गाच्या कडेला जेसीबी लावणारा ठेकेदार ॲपवर नोंद करेल आणि मुख्य तारेच्या मालकाला संदेशही जाईल. ओतूरच्या एखाद्या परसात खुरपं घेऊन बसलेल्या आजी मिरचीचं रोप लावण्याआधी ॲप उघडणार नाहीत. उघडलं तरी केबलचालकानं संध्याकाळच्या घाईत ओढलेली तार नकाशावर असेलच असं नाही.

२०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोननं गावठाणातल्या घरांच्या हद्दी मोजून मालमत्ता पत्रकं देण्याचं काम हाती घेण्यात आलं. अंगणाची हद्द कागदावर आली. अंगणाच्या पोटात काय आहे, त्याची नोंद अजून कोणाकडेच नाही.

एकाच तालुक्यातल्या दोन तारा

नोंद ठेवल्यानं काय साधतं, हे पाहायला फार लांब जावं लागत नाही. नारायणगावजवळच्या खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तिच्या ३० तबकड्या साधारण २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात उभ्या आहेत. शेतं, रस्ते आणि वस्त्यांच्या मधून. अवकाशातून येणारे क्षीण संदेश या तबकड्यांकडून ऑप्टिकल फायबरनंच मध्यवर्ती केंद्रात येतात. एक तार बंद पडली तर ती तबकडी निरीक्षणातून बाहेर जाते. म्हणून तारेचा मार्ग माहीत असणं आणि ती राखणं हा दुर्बीण चालवण्याचाच भाग आहे.

तोच तालुका, तीच काळी माती, तसाच काचेचा धागा. फरक एवढाच की एका तारेला स्पष्ट मालक आहे, तर दुसरीवर तिघांचा हक्क असून जबाबदारी कोणाचीच नाही.

उघडी पडलेली तार किती लांबवर परिणाम करू शकते, याचं जगभर गाजलेलं उदाहरण जॉर्जियातलं. मार्च २०११ मध्ये तिथल्या एका गावाजवळ तांब्याच्या शोधात फावड्यानं खणणाऱ्या ७५ वर्षांच्या महिलेमुळे फायबर केबल तुटल्याचं तिथल्या अधिकाऱ्यांनी सांगितलं. शेजारच्या आर्मेनिया देशाचं बहुतांश इंटरनेट त्या दिवशी काही तास बंद पडलं. त्या महिलेनं आरोप नाकारला. दरड किंवा मुसळधार पावसामुळे केबल आधीच उघडी पडलेली असावी, असंही तेव्हा समोर आलं. बातमीत फावडं ठळक झालं आणि माती कधी वाहून गेली हा प्रश्न मागे पडला. अंगणातल्या भांडणातही हेच होतं. तार तोडणारा हात दिसतो, उथळ पुरणारा दिसत नाही.

तार तुटलीच तर...

मॉडेमवर ‘एलओएस’चा लाल दिवा लागला, म्हणजे प्रकाश घरापर्यंत पोहोचत नाही. अशा वेळी टोकं पिळून चिकटपट्टी लावण्याचा काहीही उपयोग नाही. तांब्याची तार पिळून जोडता येते, काच जोडता येत नाही. त्यासाठी ‘स्प्लायसिंग’चं यंत्र लागतं. ते दोन्ही टोकं सूक्ष्मदर्शकाखाली समोरासमोर आणून वितळवून जोडतं. तोवर दोन्ही टोकांवर प्लॅस्टिकची पिशवी बांधावी म्हणजे पाणी-माती आत जाणार नाही. खड्डा बुजवू नये आणि फोटो काढून ठेवावेत. तार किती खोल होती हे दिसेल असा, शेजारी मोजपट्टी ठेवून काढलेला एक फोटो नंतर खूप कामाला येतो.

तक्रार फक्त ओळखीच्या मुलाला फोन करून थांबवू नये. बिलावर ज्या कंपनीचं नाव आहे तिच्या तक्रार केंद्राकडे नोंदवून क्रमांक घ्यावा. ट्रायच्या २०१२ च्या तक्रार निवारण नियमांत तक्रार क्रमांक आणि त्यानंतर अपील प्राधिकरण अशी दोन पायऱ्यांची सोय आहे. अपिलाचा निर्णय ३९ दिवसांत द्यायचा असतो. त्यानंही भागलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ क्रमांक आहे. दूरसंचार सेवेविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येतं, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२२ मध्ये दिला आहे.

तुटण्याआधी काय करता येईल?

इथे घरमालकाच्या हातात बरंच आहे आणि खर्च फार नाही.

• आधी वाट शोधावी. मॉडेमपासून सुरुवात करून तार भिंतीतून कुठे बाहेर पडते आणि कुठल्या खांबाकडे किंवा डबीकडे जाते ते पाहावं. मधला भाग खुरप्यानं, हलक्या हातानं, माती ओली करून उकरावा. कुदळ, पहार नको. तार ओढून वाट शोधू नये. ओढल्यानं काच आतून तडकते, बाहेरून मात्र तार धड दिसते.

• कंपनीला आधी विचारावं. ‘तार वर आली आहे, खाली घ्या’ अशी तक्रार तुटण्याआधी, लेखी किंवा संदेशानं केलेली असली, की नंतर जबाबदारी ठरवणं सोपं जातं. दुसऱ्याच्या जोडणीची तार असेल तर तिला स्वतः हातच लावू नये.

• स्वतःच्या जोडणीची तार खाली घ्यायची तर नळीतून. फावड्याचा घाव साधारण वीत-दीड वीत खाली जातो, म्हणून दीड ते दोन फूट खोली पुरेशी सुरक्षित ठरते. आधीच जोडलेली तार नळीत ओवता येत नसेल, तर पाइप उभा चिरून त्यात ती बसवता येते. वळणं गोलाकार द्यावीत, काटकोनात मोडू नये. मुरूम लागून खोली मिळतच नसेल तर नळीवर विटांचा किंवा फरशीचा थर द्यावा. पुढच्या वेळी कुदळ आधी विटेवर वाजेल.

• घुशींचा विचार करावा. उघड्या, मऊ आवरणाची तार घुशी आणि उंदीर कुरतडतात. नळी आणि तिची दोन्ही टोकं नीट बंद केलेली असली तर हा त्रास कमी होतो.

• विजेच्या तारेपासून लांब ठेवावी. दोन्ही एकाच नळीत घालू नयेत. आज जागा वाचते, पण उद्या फायबर दुरुस्त करायला आलेला मुलगा विजेच्या तारेला हात घालतो.

• थोडी तार शिल्लक ठेवावी. भिंतीपाशी दोन-तीन मीटरचं वेटोळं असलं तर तुटल्यावर नवी तार ओढावी लागत नाही.

• घराचा नकाशा घरातच ठेवावा. तारेच्या प्रत्येक वळणाचं अंतर दोन पक्क्या जागांपासून मोजावं. उदाहरणार्थ, तुळशी वृंदावनापासून सात फूट आणि घराच्या कोपऱ्यापासून अकरा फूट. चर उघडा असतानाच फोटो काढावेत आणि घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलवर पाठवावेत. कुंपणवाला, नळवाला किंवा जेसीबीवाला आला, की आधी तो फोटो दाखवावा.

पुढे काय व्हायला हवं?

घरमालकानं नकाशा काढला तरी मूळ प्रश्न सुटत नाही. एका घराचं भागतं, आळीचं भागत नाही. दीड कोटी घरं जोडायची असतील तर जोडणीच्या कामातच खोली आणि नोंद यांचा समावेश असायला हवा. जोडणी पूर्ण झाल्याच्या पावतीवर तारेची वाट, खोली आणि एक फोटो असावा. मोबाइलवर ते काम दोन मिनिटांचं आहे. पुरायची तार पुरण्याजोगीच वापरली जावी किंवा नळीतून जावी. आणि ज्या पोर्टलवर मुख्य तारांची माहिती असते, तिथे शेवटच्या पन्नास फुटांनाही जागा मिळावी.

ग्रामपंचायतीलाही यात काम आहे. नळासाठी चर खणलेलाच असतो. त्याच वेळी कडेनं एक रिकामी नळी टाकून ठेवली तर पुढची कितीतरी खोदाई वाचते. सामायिक नळमार्गांची तरतूद दूरसंचार कायद्यातही आहे. रस्ता एकदा काँक्रीटचा झाला की मात्र ही संधी गेली.

तोवर ओतूरमधल्या प्रत्येक परसात जबाबदारी त्याच्यावरच येते, ज्याच्या हातात त्या क्षणी कुदळ असते. त्यामुळे या पावसाळ्यात शेवग्याचा खड्डा घेण्याआधी मॉडेमपासून निघालेली तार भिंतीबाहेर कुठे जाते, एवढं तरी पाहून यावं. पाच मिनिटांचं काम आहे.